खाडीतलं रबर: पॅडल-टेल शॅडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलशेत, ऐरोली, सारसोळे, दिवाळे, कुठेही जा. रॉड घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा डबा उघडून बघितलात तर निम्म्याहून जास्त जागा पॅडल-टेल शॅड या एकाच प्रकारच्या ल्युअरनं, म्हणजे खोट्या आमिषानं, अडवलेली दिसेल. नव्यानं नाद लागलेल्यांचे त्यावरचे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. हे ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीपुरतं आहे. मालवणच्या किंवा गोव्याच्या पाण्याला यातलं बरंचसं लागू होणार नाही.

पॅडल-टेल शॅड म्हणजे नेमकं काय?

मऊ प्लास्टिकची, बोटभर ते वीतभर लांबीची खोटी मासळी. शेपटीकडे अंग एकदम बारीक होत जातं आणि टोकाला एक चपटी गोल चकती असते, अंगाला आडवी. ओढलं की पाणी चकतीवर आदळतं, चकती एका कुशीला वळते, तिथून सुटते, दुसऱ्या कुशीला जाते. त्या धक्क्यानं सगळं अंगच डुलायला लागतं. गळ आणि डोक्याचं शिसं वेगळं मिळतं, त्याला जिगहेड म्हणतात. दुकानात ‘सॉफ्ट प्लास्टिक’ किंवा ‘शॅड’ म्हणून मागा. खाडीवर सगळे नुसतं ‘रबर’ म्हणतात.

आपल्याकडे सगळ्यांच्या हातात हेच का?

कारण आपलं पाणी. ठाणे खाडी बाराही महिने गढूळ असते. दिवसातून दोनदा पाणी आत चढतं, दोनदा उतरतं, उधाणाच्या दिवसांत पातळी चार मीटरहून जास्त वरखाली होते, आणि तळाचा गाळ कधी बसतच नाही. पाण्यात हात कोपरापर्यंत घातलात तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात चकचकीत, सुंदर रंगवलेलं मिनो (छोट्या माशाच्या आकाराचं कडक ल्युअर) टाकून काय उपयोग? ते बघणार कोण?

गढूळ पाण्यातला शिकारी मासा अंगाला जाणवेल त्यावर जातो. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेखा असते, ती पाण्यातली बारीक हालचाल आणि दाब टिपते. जिताडा हातात आला की नीट बघा, त्याची ही रेघ कल्ल्यामागून निघते ती थेट शेपटीच्या पंखावर जाऊन संपते. पॅडल-टेलची चकती जी थडथड करते, ती जाड, संथ लयीची असते. घाबरलेली बोय पळताना जसं पाणी हलवते तसंच काहीसं. मासा त्या दिशेनं येतो आणि अगदी शेवटच्या हातभर अंतरात डोळे वापरतो.

दुसरं कारण तळ. तिवराची मुळं, कालवं चढलेले दगड, जुन्या जेटीचे खांब, फाटकी जाळी, आणि प्लास्टिकच्या पिशव्या तर विचारूच नका. दोन तिहेरी गळ लटकवलेलं मिनो अशा जागी टाकलं की सहापैकी एक टोक कशात तरी रुततंच. शॅडला गळ एकच, तोही पाठीवर, टोक वर करून. शिवाय वीडलेस गळ वापरला तर टोक रबरातच लपवता येतं, मग मुळांतूनही सरकत येतं. आणि तुटलंच तर एका बऱ्या मिनोच्या पैशांत शॅडचं अख्खं पाकीट आणि वर दोन-चार जिगहेड येतात. महिन्याच्या पगारावर हौस करणाऱ्या माणसाला हे गणित फार लवकर पटतं.

तिसरं, हे ल्युअर माणसाच्या चुका पोटात घालतं. पॉपर (पाण्यावर आवाज करणारं ल्युअर) नीट फोडायला, जर्कबेट (झटके देत ओढायचं ल्युअर) नीट थांबवायला हात बसावा लागतो. शॅड नुसतं टाकून सरळ गुंडाळत आणलं तरी पोहतं.

ही निव्वळ रील्स बघून आलेली फॅशन नाही का?

थोडी आहे. फोटोत माशाच्या तोंडात जे दिसतं तेच दुसऱ्या दिवशी दुकानात संपतं. मग अजून लोक तेच टाकतात, म्हणून अजून मासे त्यालाच लागतात, म्हणून अजून फोटो. दहातले आठ जण शॅड टाकत असतील तर दहातले आठ मासे शॅडला लागले यात शॅडचं कौतुक ते किती? पण फॅशन खाडीत टिकत नाही. धातूचं पातं फिरणारे, दिवा लागणारे, वास मारणारे असे पुष्कळ प्रकार आले आणि गेले. हे राहिलं, त्याची कारणं वर दिली आहेत.

हे आलं कुठून?

मऊ प्लास्टिकची सुरुवात अमेरिकेतली. ओहायो राज्यातल्या ॲक्रन इथे निक क्रीम या माणसानं १९४९ च्या सुमारास घरच्या चुलीवर प्लास्टिकचे गांडूळ ओतले, गोड्या पाण्यातल्या बाससाठी. वळणाऱ्या आणि थडथडणाऱ्या शेपट्या त्यानंतर काही दशकांनी आल्या. तुलनेला, फिनलंडच्या लौरी रापालानं बुचातून कोरलेलं मिनो १९३६ चं. म्हणजे कडक ल्युअरच थोरलं.

खाडीत याला कोणते मासे लागतात?

मान जिताड्याचा. त्याची शिकारीची पद्धत शॅडला अगदी जुळते. तो फार पाठलाग करत नाही. खांबाच्या, दगडाच्या, बांधावरच्या उघाडीच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) आडोशाला, जिथे वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतं तिथे तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो. समोरून काही गेलं की तोंड फाडून पाण्यासकट आत ओढून घेतो. मऊ वस्तू सहज आत जाते आणि तोंडात खऱ्यासारखी लागते, त्यामुळे तो ती लगेच थुंकत नाही. तेवढा अर्धा क्षण तुमचा. एक लक्षात ठेवा, त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. लाइन तिथे घासली की तुटली. लीडर, म्हणजे लाइनच्या पुढे बांधायचा जाड तुकडा, त्यासाठीच.

तांबोशी खारफुटीच्या मुळांशी असते. तिचा धक्का वजनाच्या मानानं भलताच जोरकस, आणि लागल्याबरोबर ती मुळांत घुसते. इथे रीलचा ड्रॅग (लाइन सुटू न देणारा ब्रेक) सैल ठेवून चालत नाही. खाडीत मिळतात त्या बहुतेक लहान तांबोश्या. मोठ्या झाल्या की त्या बाहेरच्या समुद्रातल्या खडकांकडे जातात.

रावस मोकळ्या पाण्यातला, खाडीच्या तोंडाकडच्या भागात, बेलापूर-उरणच्या बाजूला जास्त. त्याला वेगानं ओढलेलं, सडपातळ शॅड आवडतं. गोबरा दगडांत लागतो. आणि शिंगाळा? तो कशालाही लागतो.

बोय लागणार नाही. ती शेवाळ आणि गाळातलं खाते. समोर शंभर बोया उड्या मारताना बघून तिथेच तासभर शॅड मारणारे पुष्कळ भेटतात. तिथे बोयेचा शिकारी आहे का एवढंच बघायचं.

कोणता साइझ, किती वजन?

चार इंची शॅड, ३/० किंवा ४/० नंबरचा गळ. पाणी बारीक असेल, मांदेली-कोळंबीचा हंगाम असेल तर तीन इंची. पाच इंचीला चावे कमी येतात, पण येतात ते बघण्यासारखे.

वजनाचा हिशोब प्रवाहावर. काठाजवळ, पाणी मंद असताना ७ ते १० ग्रॅम. उधाणाच्या पाण्यात १४, कधी २०. टाकल्यावर मनात आकडे मोजा. तीन-चारच्या आत तळाला टेकलं तर जड आहे, बारापर्यंत टेकलंच नाही तर हलकं. नवीन माणूस हमखास जड घेतो कारण लांब जातं. पण लांब कशाला जायचं? जिताडा बहुतेक वेळा तुमच्या पायाखालच्या दगडापासून चार हातांवरच असतो.

रंग कोणता?

या प्रश्नावर लोक तासन् तास भांडतात. माझ्या मते गढूळ पाण्यात दोनच रंग पुरतात. एक गडद, काळा-जांभळा किंवा मोटर ऑइल (इंजिनच्या तेलासारखा), कारण खालून बघितलं की आकाशाच्या उजेडासमोर त्याची सावली उठून दिसते. आणि एक पांढरा किंवा पोपटी, उन्हासाठी. बाकीचे बत्तीस रंग माणूस पकडण्यासाठी असतात, मासे पकडण्यासाठी नाही.

जिगहेडवर कसं ओवायचं? माझं रबर गोल गोल फिरतं.

ओवताना वाकडं गेलंय, दुसरं काही नाही. ओवण्याआधी जिगहेड शॅडच्या शेजारी आडवं धरा, नाकाला नाक लावून. गळाचं वळण जिथे संपतं तिथे शॅडच्या पाठीवर नखानं खूण करा. आता टोक नाकाच्या बरोबर मधोमध घाला, डाव्या-उजव्या बाजूला तसूभरही नाही. अंग गळावर थोडं थोडं सरकवत, गोळा करत न्या आणि टोक त्या खुणेवरच बाहेर काढा. नाक शिशाला घट्ट भिडवा. मग डोळ्यासमोर धरून वरून बघा, पाठीची शिवण आणि गळ एका रेषेत हवेत. अंग कुठे फुगलं किंवा आखडलं असेल तर काढून परत ओवा. नाकाला सुपरग्लूचा एक थेंब लावलात तर दोन-चार मासे जास्त टिकतं.

टाकण्याआधी एकदा पायाशी पाण्यात ओढून बघा. शेपूट चालली पाहिजे आणि पोट खालीच राहिलं पाहिजे. पाकिटात शेपूट दुमडून राहिली असेल तर ती चालत नाही. गरम पाण्यात बुडवून सरळ करून गार पाण्यात घाला.

ओढायचं कसं? चावा कळतो कसा?

तळाला टेकू द्या, रॉडचं टोक हलकं वर घ्या, तीन-चार वेळा हँडल फिरवा, परत टेकू द्या. वेग असा की रॉडच्या टोकात शेपटीची थडथड जेमतेम जाणवेल. ती जाणवेनाशी झाली तर एकतर कचरा अडकलाय किंवा मासा मागे येऊन पाणी ढकलतोय.

जास्तीत जास्त चावे खाली पडताना येतात, म्हणून पडताना लाइन पूर्ण ढिली सोडू नका. जिताड्याचा चावा एक कोरडा ‘टक्’ असतो, कुणी बोटानं रॉडवर टिचकी मारावी तसा. कधी तेवढाही नसतो, पडायची ती लाइन मध्येच थांबते, बस. तिथे विचार करत बसायचं नाही, गळ रुतायला रॉड झटक्यात वर मारायचा. कुरतडल्यासारखी बारीक कुरकुर झाली तर ती चिंबोरी किंवा छोटी मासळी. शॅड वर काढून बघा, शेपूट गेलेली असेल.

भरतीला की सुकतीला?

याचं उत्तर ल्युअरपेक्षा महत्त्वाचं आहे. दिवाळ्याच्या जेटीवर एक कोळी काका कुणी पोरगा नवीन पाकीट फोडताना दिसला की म्हणतात, “रबर र्‍हाऊ दे रं, आदी पानी बघ.” चालतं पाणी हवं. चढत्या पाण्याचे मधले दोन तास आणि उतरायला लागल्यानंतरचे पहिले दोन तास, हा साधारण अंदाज. मला स्वतःला सुकती जास्त आवडते. भरतीला खारफुटीत शिरलेली बोयेची पिल्लं, कोळंबी, निवट्या पाणी उतरताना बारीक ओहोळांतून बाहेर पडतात, आणि जिताडा त्या ओहोळाच्या तोंडाशी येऊन थांबतो. शॅड ओहोळाच्या आत टाकून पाण्याबरोबर बाहेर आणायचं. उलट दिशेनं, प्रवाहाविरुद्ध चढणारी मासळी त्याला पटत नाही.

वेळ काढायला ॲप आहेतच, पण आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोबही चांगला चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला साधारण सहा, पुनवेला सव्वाअकराच्या आसपास. हे समुद्रकाठचं झालं. वर ठाण्याकडे भरती त्यानंतर थोडी उशिरा पोचते. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी इतकं धावतं की शॅड तळाला थांबत नाही, आणि अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा) पाणी हलतच नाही. दोन्हींच्या मधले दिवस बघा.

रॉड-रील काय लागेल?

सात ते आठ फुटी मिडियम रॉड, ३००० किंवा ४००० चं स्पिनिंग रील, पीई १.५ ते २ जाडीची ब्रेडेड (विणलेली) लाइन, पुढे हातभर ते वावभर ३०-४० पौंडी लीडर. जाड तंगूस (नायलॉनची लाइन) लावून शॅड टाकता येतं, पण तंगूस ताणला जातो, ‘टक्’ हातापर्यंत पोचत नाही. प्रत्येक वापरानंतर रील गोड्या पाण्यानं पुसा, खाडीचं पाणी बेअरिंग खातं.

एवढं सगळं करण्यापेक्षा जिवंत कोळंबी लावू नये का?

लावा. मासाच हवा असेल तर जिवंत कोळंबी आजही शॅडला भारी आहे, हे कुणीही प्रामाणिक माणूस कबूल करेल. फक्त ती पहाटे मिळवा, जिवंत ठेवा, आणि शिंगाळ्यांनी अर्धी खाल्ली तरी रागावू नका. ऑफिस सुटल्यावर तासभर मिळतो त्याला खिशात पाकीट टाकून निघणं सोपं पडतं.

तलावपाळी, उपवन इथे चालेल का?

शहरातले तलाव पालिकेचे आहेत, परवानगीशिवाय गळ टाकू नका. आणि गोड्या पाण्यात मरळीसाठी गवतावरून घसरत येणारा रबरी बेडूक जास्त चांगला, शॅड वेलीत अडकतं.

कुठे टाकू नये?

ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान, खाडीच्या पश्चिम काठाला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालेलं, जवळपास १७ चौरस किलोमीटरचं. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीतही (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेली. अभयारण्याच्या हद्दीत हौशी मासेमारीला जाऊ नका, वन विभाग पकडतो आणि ते बरोबरच आहे. खारफुटीची फांदीसुद्धा जागा करायला म्हणून तोडू नका, तो गुन्हा आहे. पुलांवरून, रेल्वेच्या बाजूनं, उरणकडे बंदराच्या आणि तेलाच्या हद्दीत गळ टाकायला उभं राहू नका.

कोळ्यांची जाळी लावलेली असतील तिथून लांब. आपला एक गळ त्यांच्या जाळ्यात अडकला तर आपला जातो पन्नास रुपयांचा, त्यांची जाते ती दुपार. जेटीवर बोट लागत असेल तर न सांगता लाइन गुंडाळून बाजूला व्हा.

चिखलात उतरू नका. ओहोटीला कडक दिसणारा गाळ मांडीपर्यंत आत घेतो आणि पाणी परत यायला वेळ लावत नाही.

पावसाळ्यात काय?

१ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक बोटींना आहे, काठावरच्या रॉडला नाही. पण पावसाच्या सुमारास जिताडा विणीला खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या तोंडाशी उतरतो, तेव्हा मोठा मासा सोडून द्यावा असं माझं म्हणणं. मुसळधार पावसानंतर वरचं पाणी गोडं आणि चहाच्या रंगाचं होतं, तेव्हा मोठ्या चकतीचं गडद शॅड तळाशी, अगदी सावकाश. विजा चमकत असतील तर घरी. हातात कार्बनचा रॉड आहे.

लागलेला जिताडा ठेवावा की सोडावा? खावा का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. जिताडा जन्मतः बहुतेक नर असतो आणि मोठा झाल्यावर, साधारण ८० ते १०० सेंटीमीटरच्या दरम्यान, मादी होतो. म्हणजे तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा ही बहुधा अंड्यांनी भरू शकणारी मादी असते. तिला मारण्यात काय हशील आहे मला कळत नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात आधीच पक्कडनं चेपून ठेवा, मासा ओल्या हातांनी धरा, उभा टांगू नका, पोटाखाली हात द्या.

खाण्याचं म्हणाल तर रायगडचा जिताडा आणि ठाणे खाडीच्या आतल्या भागातला जिताडा यांत फरक करा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी याच पाण्यात येतं, खाडीच्या गाळात जड धातू असल्याचं अभ्यासांतून वर्षानुवर्षं पुढे आलंय. कधी कधी कापतानाच रॉकेलसारखा वास येतो. तो मासा मसाल्यात लपवू नका, टाकून द्या. लहान मुलांना आणि गरोदर बाईला आतल्या खाडीतला मासा देऊच नये.

शिंगाळा काढताना काटा लागला तर?

पाठीवरचा एक आणि दोन्ही कुशींचे दोन, असे तीन काटे, विषारी आणि उलट्या दातांचे. जखम धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, काटा आत तुटला असेल किंवा सूज चढत असेल तर डॉक्टर. शिंगाळा पायानं दाबून काढायची सवय असेल तर चपलेऐवजी बूट घाला.

डब्यातली रबरं एकमेकांत विरघळून गेली. खोटा माल होता का?

नाही. साधी शॅड पीव्हीसीची असतात, मऊ राहावीत म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. ते सुटतं आणि साध्या कडक प्लास्टिकचा डबा, मिनोचा रंग, सगळं चिकट करतं. झेड-मॅन कंपनीच्या इलाझटेकसारखी ताणली जाणारी, तरंगणारी शॅड तर पीव्हीसीजवळ ठेवलीच नाहीत पाहिजेत, दोन्हींचा लगदा होतो. बर्कली कंपनीचं गल्प उलट, त्याच्या रसाबाहेर राहिलं की चामड्यासारखं वाळतं. ज्याचं पाकीट त्यातच ठेवा, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच.

फाटलेल्या शॅडचं काय करायचं?

खिशात घाला, घरी आणा. पाण्यात टाकलेलं वर्षानुवर्षं तसंच राहतं, मासे ते गिळतात आणि त्यांच्या पोटात ते पचत नाही. नाक फाटलं असेल तर तेवढं कापून अर्धा इंच खाली परत ओवता येतं. शेपूट तुटली असेल तर तेच अंग कोळंबीसारखं उड्या मारत आणायला चालतं.

एकदाच खर्च करायचा असेल तर काय घेऊ?

चार इंची शॅडचं एक गडद आणि एक पांढरं पाकीट, ७, १० आणि १४ ग्रॅमचे जिगहेड, दोन-तीन वीडलेस गळ, लीडरचं एक रीळ, पक्कड. शॅडपेक्षा जिगहेड दुप्पट घ्या, दगडात राहतात ते तेच.